मांडीवरचे हात

मनुष्यजातीने मृत्यूचा पराभव केला तो तपश्चर्येने नव्हे, औषधाने नव्हे, तर मिठाने, असे शिवयोगी मास्तर दर वर्षी मार्गशीर्षात वाचनालयाच्या दिवाणखान्यात सांगत, आणि हे वाक्य ते अशा काही खोल आवाजात उच्चारत की पुढच्या रांगेतले वकील हातातली घड्याळे पुन्हा खिशात ठेवत. एका वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मास्तर, मग तो इजिप्तचा राजा सध्या काय करतो?" मास्तरांनी शास्त्रीय प्रामाणिकपणाने सांगितले की तो सध्या काचेच्या पेटीत असतो. मृत्यूच्या पराभवाची बाब तिथेच आटोपली. तरी व्याख्यान बंद पडले नाही. मॅजिक लँटर्नच्या रॉकेलचा वास, पडद्यावर उलटी पडलेली आणि मग घाईने सुलटी केलेली काच, नाकातून आकडी घालून मेंदू कसा काढत, काळीज मात्र जागेवर का ठेवत, सत्तर दिवस मिठासारख्या खारात देह कसा गाडून ठेवत, हे सगळे सोलापूरने सात वर्षे ऐकले आणि मोबदल्यात त्यांना ममीमास्तर हे नाव दिले. एवढ्या लांबच्या मुडद्यांचे ह्या गृहस्थाला काय पडले आहे, हे कोणी विचारले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला काहीतरी वेड असायचेच, अशी गावाची समजूत होती, आणि दारूपेक्षा ममी बरी असेही मत होते.

एकोणीसशे एकतीस सालच्या फाल्गुनात, एका मंगळवारी तिसऱ्या तासाला, शाळेचा शिपाई रामहरी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मास्तर फळ्यावर बाष्पीभवन लिहीत होते. रामहरीची सवय अशी की निरोप कितीही मोठा असला तरी तो आधी चप्पल काढायचा, मग खोकायचा. तसे त्याने केले आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या लोकांच्या रुद्रभूमीत मानसं निघाल्यात. गिरणीच्या नळाची चर खांदत हुते, तर भिंतीकडंच्या बाजूला कोनाडं फुटलं. आत बसल्यात." वर्गात हसू पिकले. "बसलेत म्हणजे?" मास्तरांनी विचारले, खरे तर मेलेल्याला बसवून पुरणाऱ्या लिंगायताच्या पोराने हा प्रश्न विचारायचे काही कारण नव्हते. "बसल्यात म्हंजे बसल्यात की. जशीच्या तशी. मानमोडीच्या सालातली हायेत म्हनं. गिरणीच्या साहेबानं सांगितलंय, ममीमास्तरांस्नी बोलवा, त्यांचं शास्तर काय म्हनतंय बगू." मास्तरांनी फळ्याकडे तोंड केले. बाष्पीभवनातला शेवटचा ‘न’ लिहायचा राहिला होता तो त्यांनी लिहिला, आणि त्याची रेघ खाली ओढता ओढता ती फळ्याच्या चौकटीपर्यंत गेली.

भिंतीकडची बाजू. मानमोडीचे, इन्फ्लुएंझाच्या साथीचे साल. एवढ्या दोन गोष्टी ऐकल्या आणि मास्तरांची जीभ खारट झाली. ही त्यांची जुनी खोड होती. साडेबारा वर्षांपासून ते पानात मीठ वाढू देत नसत. सुरुवातीला वाढलेली चिमूट ते बोटाने पानाबाहेर सारत, मग एक दिवस वहिनींनी ती वाढायचेच सोडले, आणि त्याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही. एका घरात राहणारी माणसे ज्या गोष्टीवर एकदाही बोलत नाहीत ती गोष्ट हळूहळू घरातल्या खांबासारखी होते. येताजाता तिला वळसा घालायची पायांना सवय लागते. मास्तरांच्या घरातल्या त्या खांबाचे नाव ईरप्पा होते. ईरप्पा म्हणजे अण्णा, त्यांचे थोरले भाऊ, अंबुबाई वहिनींचे नवरे, गिरणीत जॉबर. अठरा सालच्या ऑक्टोबरात, मानमोडीचा ताप चढल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ते मेले. ते मेले असे शिवयोगीने सांगितले. त्या दोन वाक्यांत फरक आहे की नाही, हे ठरवण्यात मास्तरांची पस्तिशीपर्यंतची झोप गेली होती, आणि पस्तिशीनंतरचीही जात होती.

ते शाळेतून निघाले ते टांगा न करता पायी, कारण पायी वेळ लागतो. आधी घरी जाऊन भिंग आणायचे असे त्यांनी ठरवले. भिंग शाळेतही होते. विणकरांच्या गल्लीत ताणा पसरला होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या सुताचा एक लांब बिछाना, काठ्यांवर ताणलेला, आणि दोन्ही बाजूंनी माणसे कुंच्याने खळ लावत तेलुगूत एकमेकांवर ओरडत होती. मास्तर भिंतीला अंग घासत कडेने चालले. एरवी ह्या गल्लीतून जाताना, एवढ्या सुतात किती राजे गुंडाळून होतील असा हिशेब त्यांच्या मनात आपोआप चाले. आज हिशेब झाला नाही. आज खळीचा आंबूस वास नाकात गेला आणि त्याच्या मागून दुसरा वास आला, निलगिरीच्या तेलाचा, कापराचा, तापलेल्या घोंगडीचा. अण्णांच्या खोलीचा. चोवीस वर्षांचा शिवयोगी, पुण्याचे कॉलेज साथीमुळे बंद पडले म्हणून घरी आलेला, बी.एस्सी.च्या उंबरठ्यावरचा. डॉक्टर स्वतःच अंथरुणाला खिळलेले. शेजारी तीन घरांत तीन मुडदे. दारात उभे असलेले स्वामी, ज्यांना त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचे होते. आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. "तू शिकलेला, तूच बघ." म्हणून त्याने पाहिले. अण्णांचा दाढीचा आरसा घेऊन नाकापुढे धरला. आरशावर वाफेचा पट्टा दिसला. पण तो आरसा जुनाच होता, त्याच्या पाऱ्यावर तसाही एक धुरकट पट्टा कायम होता, अण्णा त्यावरून रोज शिव्या देत. म्हणून त्याने आरसा धोतराच्या सोग्याला पुसला.

इथपर्यंत स्वच्छ आठवते. पुसल्यावर त्याने तो पुन्हा नाकापुढे धरला की नाही, हे आठवत नाही. साडेबारा वर्षांत मास्तरांनी ही आठवण इतक्या वेळा काढून पाहिली होती की तिच्या कडा झिजल्या होत्या. कधी आरसा पुन्हा धरलेला दिसे, स्वच्छ, कोरा, अण्णांची हनुवटी त्यात स्पष्ट. कधी दिसे की पुसता पुसताच स्वामींनी विचारले, "काय?" आणि तो म्हणाला, "गेले." पाय चेपत बसलेल्या वहिनी तेव्हा म्हणाल्या, "अजून ऊब आहे." आणि त्याने, चोवीस वर्षांच्या बी.एस्सी.च्या तोऱ्याने, उष्णता ही तापाची असते, देह थंड व्हायला वेळ लागतो, हे समजावून सांगितले. नियम बरोबर होता. त्या खोलीत बरोबर अशी तेवढी एकच गोष्ट होती असे मास्तरांना पुढे वाटत राहिले.

मग घाई. बाकीच्या हिंदूंचा मुडदा आडवा जातो, त्याला थोडी सवड असते. लिंगायताला बसून जायचे असते, आणि देह ताठण्याआधी त्याला मांडी घालून बसवावे लागते. ताठल्यावर बसवायचे तर गुडघे मोडावे लागतात, आणि ते पाहणे कोणाच्या नशिबी येऊ नये. म्हणून अण्णांना लगेच भिंतीशी बसवले, छातीवरून धोतर घेऊन ते भिंतीतल्या खुंटीला बांधले, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून वर उजवा हात ठेवला. मान सारखी खाली पडत होती. मान पडते आणि कोणीतरी हनुवटी धरून वर करते, पुन्हा पडते. जेवून डुलकी काढणारा माणूस जसा. दोन वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत अण्णा तसे बसले होते, आणि सहा वाजता उचलून विमानात, म्हणजे बसत्या तिरडीत, ठेवले तेव्हाही ते ताठले नव्हते. मास्तरांनी पुढे पुस्तकांत शोधले: चार तासांत ताठायला हवे. दुसऱ्या पुस्तकात होते: तापाने मेलेला लवकर ताठतो आणि लवकर सुटतो. तिसऱ्यात होते की काही ताठतच नाहीत. तिन्ही पुस्तके लंडनला छापलेली होती. खड्ड्यात बाजूला कोरलेल्या कोनाड्यात अण्णांना बसवले, भोवती बेल, विभूतीचे गोळे आणि मीठ, कमरेपर्यंत मीठ, आणि कोनाड्याचे तोंड दगडांनी बंद केले. शेवटचा दगड शिवयोगीने लावला. लावताना आतून काही ऐकू आले असे नाही. ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने तो मंत्र म्हणत होता, आणि एरवी त्याला मंत्र येतही नसत.

घरी मास्तरांची बायको नव्हती. ती तिसऱ्या बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेली होती. अंबुबाई सोप्यात ज्वारी निवडत होत्या. त्यांना कळलेले होते, ते सुपाच्या हालचालीवरून दिसत होते; सूप हलत होते, पण ज्वारी जागच्या जागी होती. "भिंग नेतो," मास्तर म्हणाले. "ते फडताळात आहे," वहिनी म्हणाल्या. घरात एरवी कानडी चाले, पण अवघड काही बोलायचे झाले की दोघे मराठीत शिरत, जणू परक्या भाषेत बोललेले अंगाला कमी लागते. मास्तरांनी भिंग काढले, खिशात ठेवले, पुन्हा काढून पुसले. "तुम्ही येता?"

"नाही."

"आपलेच असतील असं काही नाही. भिंतीकडे त्या आठवड्यात चौघांना ठेवलं होतं."

"भावजी," अंबुबाई म्हणाल्या, "मी तेव्हा बघितलं होतं. आता तुम्ही बघा." आणि कागदाच्या पुडीत विभूती बांधून त्यांनी ती पुडी उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही.

मी तेव्हा बघितलं होतं. काय बघितलं होतं? हे वाक्य मास्तरांच्या पाठीमागे रुद्रभूमीपर्यंत चालत आले. नवऱ्याचे तोंड बघितले असे त्यांना म्हणायचे होते, की त्याची छाती? पाय चेपत होत्या, पाय हलला का? लिंगायतात विधवेला दुसरे लग्न करता येते, दोन स्थळे आलीही होती, एक तर वेळापूरकडचे चांगले बागायतदार. वहिनींनी दोन्ही वेळा एवढेच म्हटले की मला घाई नाही. घाई हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला का? शास्त्राचा माणूस पुरावा मागतो. मास्तरांनीही तो मागितला होता, पण वहिनींकडे नाही, सरड्यांकडे. तेवीस साली वर्तमानपत्रांत इजिप्तच्या थडग्याच्या बातम्या येऊ लागल्या, त्यांनी मुंबईहून पुस्तके मागवली, आणि सगळ्या पुस्तकांतून त्यांना एकच गोष्ट हवी होती: मिठात बसवलेला देह किती दिवस टिकतो. टिकत नसेल तर बरे. हाडे काही सांगत नाहीत. टिकत असेल तर तो कोनाडा म्हणजे बंद पाकीट होते, आत एक ओळ लिहिलेली: हात मांडीवर आहेत, किंवा हात मांडीवर नाहीत. मग मास्तरांनी चार सरडे स्वतःच्या हाताने क्लोरोफॉर्म देऊन मारले आणि लोणच्याच्या बरणीत कोरड्या मिठात घालून शाळेच्या सामानाच्या खोलीत अकरा महिने ठेवले. उघडले तेव्हा चारही जसेच्या तसे निघाले, खडखडीत, डोळ्यांच्या जागी दोन मिरे. पण दोघांचे पुढचे पाय उचललेले होते. मास्तरांनी वहीत नोंद केली: वाळताना स्नायू आखडतात व अवयव स्थान बदलतात. निष्कर्ष निर्दोष होता. दुसरी शक्यता, की क्लोरोफॉर्म कमी पडला, ती त्यांनी लिहिली नाही. सरड्यांना विचारणे शक्य नव्हते. त्या वर्षी व्याख्यान विशेष रंगले.

रुद्रभूमीच्या फाटकाशी पन्नास-साठ माणसे जमली होती आणि नारळ फोडणे सुरू झाले होते. संजीवन समाधी निघाली म्हणून गाव लोटले होते. दोन नारळवाले तर गाडा घेऊनच आले होते. चर गिरणीच्या नव्या चाळींना पाणी न्यायची होती, पंचांच्या परवानगीने भिंतीलगत खणली जात होती, आणि चरीचा मुकादम बडेसाब मुरमाच्या ढिगावर बसून ह्या सगळ्या भक्तीकडे काम थांबलेल्या माणसाच्या नजरेने पाहत होता. मास्तरांना पाहून तो उठला. "आओ मास्तरसाब. सुबू से काम बंद पड्या है. ये लोगां बोलते, आदमी जिंदा है, ध्यान लगाके बैठ्या है. मेरेकू इतनाच बोलो, मरेसो है के नै?"

मास्तरांनी लांबूनच चरीकडे पाहिले. भिंतीच्या अंगाला काळोखाचे चार तुकडे दिसत होते.

"मेलेला आहे," ते म्हणाले.

"देखे बगैर?"

"साडेबारा वर्षं झाली, बडेसाब."

"वो तो मैं बी बोल्या. पन मेरी बात कौन सुनता? तुमे बी.ए. लोगां." बडेसाबने गर्दीकडे वळून हात वर केला. "सुन लेव! मास्तर बोले, मरेसो है!" गर्दीत नाराजी पसरली. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो कोन ठरवनार?" आणि मास्तरांना वाटले की इतक्या वर्षांत हा प्रश्न योग्य माणसाला विचारणारी ही पहिलीच बाई. ते चरीत उतरले. उतरताना हात टेकला आणि तळव्याला मुरूम लागला. डोक्यावर फाल्गुनातले ऊन होते, पाठीवर घाम होता, आणि दात मात्र वाजत होते. ते वाजू नयेत म्हणून त्यांनी तोंड घट्ट मिटले, आणि मिटल्याबरोबर मीठ.

खाली तिप्पण्णा उभा होता. रुद्रभूमीतले खड्डे खणायचे काम त्याच्या घराण्याकडे, आणि मानमोडीत बापाच्या बरोबरीने त्यानेच खणले होते. आज गाव आपल्या दारी आल्याने त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरच्या माणसाची लगबग होती. "या मास्तर, या. पाय बगून टाका. दोन कोनाड्यांत नुसती हाडं हायती, पाऊस शिरला असनार. दोन मातुर, काय सांगू, लई झ्याक ऱ्हायल्यात. आमच्या बापाचं काम." मास्तरांनी त्याला बाजूला केले. त्यांनी पहिल्या कोनाड्यात पाहिले, हाडे होती. दुसऱ्यात हाडे. तिसऱ्यात एक माणूस बसला होता. मान छातीवर पडलेली, कातडे जुन्या मोटेसारखे काळपट, हाडांवर ताणून शिवल्यागत, कमरेशी मिठाचा पिवळट खडक झालेला. मास्तरांनी तोंडाकडे पाहिले नाही. तोंडावरून काही ओळखायचे नव्हते. मधले बोट पाहायचे होते. गिरणीत पट्ट्यात अडकून अण्णांच्या उजव्या मधल्या बोटाचे वरचे पेर गेले होते. ते पेर इथे नव्हते.

हात मांडीवर होते.

डावा तळवा वर, त्यात इष्टलिंग, आणि त्यावर उजवा हात, अपुरे बोट बाजूला, साडेबारा वर्षांपूर्वी ठेवले होते अगदी तसे. मास्तर तिथेच चरीत खाली बसले. नेमके काय झाले ते त्यांना सांगता आले नसते; कानांत एक बारीक आवाज गेली कित्येक वर्षे चालू होता आणि तो बंद झाल्यावरच तो होता हे कळले. गर्दीचा गलका, नारळाचा वास, दूरचा गिरणीचा भोंगा, सगळे एकदम जवळ आले. आरसा पुसल्यावर पुन्हा धरला होता. धरलाच होता, आता ते स्पष्ट दिसत होते, कोरा आरसा, हनुवटी. घरी जाऊन वहिनींना सांगायचे. काय सांगायचे, त्यांनी कधी विचारलेच नव्हते, तरी सांगायचे. आज पानात मीठ वाढून घ्यायचे. त्यांनी अण्णांच्या तोंडाकडे पाहायची हिंमत केली. तोंड थोडे उघडे होते. मेलेल्या माणसाचे असते तेवढेच. त्यांना त्या तोंडाबद्दल एकदम इतकी माया वाटली की त्यांनी भिंग काढले. आता भ्यायचे काही नव्हते, आता शास्त्र.

"चांगलं ऱ्हायलंय का न्हाई?" तिप्पण्णा वाकून म्हणाला. "सकाळी उगडलं तवा असं न्हवतं बरं का. हात बित कुटंच्या कुटं. आता गाव बगाय येनार, म्हनून म्या समद्यांचं नीट मांडीवर आनून ठिवलं. लिंगावर हात नसला तर बरं दिसत न्हाय की."

मास्तरांच्या हातातले भिंग अण्णांच्या नखांपाशी होते. भिंगात एक नख फार मोठे दिसत होते, पिवळे, उभ्या रेघांचे.

"कुठं होते?" त्यांनी विचारले.

"काय?"

"हात. ह्याचे. उघडलं तेव्हा."

तिप्पण्णा विचारात पडला. प्रामाणिक माणूस होता, विचार करताना त्याने पागोटे काढले. "एकाचं मांडीवरच हुतं, उलीसं सरकल्यालं. आन एकाचा ह्यो हात," त्याने स्वतःचा उजवा हात उचलला, तळवा पुढे करून तोंडासमोर धरला, दार ढकलावे तसा, "असा हुता. दगडाला लागल्याला. लई कडक झाल्ता, कडाकडा वाजला खाली आनताना."

"कोणाचा? ह्याचा, की त्या चौथ्याचा?"

"आता ह्यो का त्यो..."

"तिप्पण्णा, नीट आठव. आधी कुठला उघडलास?"

"आधी ह्यो. न्हाई, आधी त्यो. बडेसाब ह्या अंगानं आलं हुतं न्हवं, म्हंजे आधी त्यो. पर हाडंवाला कंचा मग?"

"बोट बघितलं असशील. हात धरलास तर बोट तुटकं लागलं असेल हाताला."

"मास्तर, बोटं कोन मोजतंय!"

मास्तर उठून चौथ्या कोनाड्यापाशी गेले. तिथेही एक माणूस बसला होता, तसाच काळा, तसाच नम्र, हात तसेच मांडीवर. हा कोण होता ते आता कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचेही कोणी असेल, त्या कोणीतरीही आरसा धरला असेल. दोघांपैकी एकाने दगड ढकलला होता, किंवा एकाचे स्नायू वाळताना आखडले होते. एकाचे. त्यांनी दोन्ही खांद्यांच्या कातड्यावर चीर शोधली, हात खाली आणताना पडली असेल म्हणून. दोघांच्याही खांद्यांवर चिरा होत्या. तिप्पण्णाने काम सारख्या मायेने केले होते. मग त्यांना सुचले ते इतके साधे होते की आधी कसे सुचले नाही ह्याची भीती वाटली. नखे. आतून दगड खरवडणाऱ्याच्या नखांत चुना असेल, माती असेल. ते धावत, म्हणजे चरीत जितके धावता येते तितके धावत, अण्णांकडे आले, भिंग लावले, एकेक नख पाहिले. स्वच्छ. नऊच्या नऊ नखे स्वच्छ. चौथ्याची दहा, तीही स्वच्छ. इतकी स्वच्छ नखे मास्तरांनी वर्गातही कधी पाहिली नव्हती.

"काडीनं काडली," तिप्पण्णा मागून म्हणाला. आता त्याच्या आवाजात जरा धास्ती होती; मास्तरांचा चेहरा त्याला बरा वाटत नव्हता. "समद्यांच्या नखात घाण हुती. दगडाची का कशाची. मुडदा झाला म्हनून काय झालं, बायामानसं पाया पडनार."

"समद्यांच्या?"

"ह्येच्या कमी हुती. न्हाई, त्येच्या कमी हुती." तो जवळ सरकला. "तुमचं कोन हुतं का ह्यात?"

"भाऊ. हा."

तिप्पण्णाने जीभ चावली. मग अण्णांकडे पाहिले, मग चौथ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम समज पसरली, दुखवट्याच्या घरी माणसाला जी येते ती. "मग तुमचा मांडीवरच हुता की! आता आटवलं बगा. ह्योच त्यो. ह्येचं हात मांडीवर हुतं, म्या हातसुदिक लावला न्हाई. त्यो दुसरा, त्येचाच वर हुता. शप्पत घिऊ का?"

"नको," मास्तर म्हणाले.

"घेतो की, काय जातंय."

मास्तरांना वाटले, ह्या माणसाला जर ह्या क्षणी विचारले की तुझ्या बापाचे काय झाले, तर हा आपल्याला हवे तेच सांगेल. आणि अठरा सालच्या दुपारी त्या खोलीत ह्याच्यासारखाच एक माणूस होता, चोवीस वर्षांचा, ज्याला सगळ्यांनी विचारले आणि ज्याने त्यांना हवे ते सांगितले. भीतीला आजवर एक भिंत होती: कोनाडा बंद होता. उघडला तर कळेल, ह्या भरवशावर ते इतकी वर्षे तो उघडू नये म्हणून भीत आले होते. आता तो उघडला होता. समोर अण्णा बसले होते, पापण्या अर्ध्या, नखे कोरलेली, हात नीटनेटके, पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या पानासारखे. आणि जगात आता असा एकही दगड, एकही नख, एकही माणूस उरला नव्हता ज्याला जाऊन विचारता येईल. पुढे कितीही वर्षे जगले तरी. उन्हात उभे राहून त्यांच्या अंगावर काटा आला आणि तो बसेना. तोंडासमोर हात धरून त्यांनी आपला श्वास पाहिला. तळवा गरम झाला. त्यांनी तो पुसला, पुन्हा धरला.

"मास्तरसाब!" वरून बडेसाब ओरडला. "खोदूं क्या?"

"बंद करा," मास्तर म्हणाले. "चारही बंद करा. मीठ घालून."

विभूतीची पुडी त्यांनी अण्णांच्या गुडघ्याशी सोडली आणि त्यांना हात न लावता ते वर आले. लोकांनी वाट दिली. ती म्हातारी मघाचीच जागा धरून होती. "काय म्हनतंय तुमचं शास्तर?" तिने विचारले. मास्तर थांबले, कारण तिला उत्तर देणे लागत होते. मग त्यांनी भिंग खिशात घातले आणि ते फाटकाकडे निघाले.

घरी पोचले तेव्हा ऊन कलले होते. अंबुबाई सोप्यात तशाच बसल्या होत्या, ज्वारी निवडून झाली होती, सूप भिंतीला लावून ठेवले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तर पाणी प्यायले. वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्या त्यांच्या हातांकडे पाहत होत्या, मुरूम लागला होता तिकडे.

"हात कुठे होते त्यांचे?" त्या म्हणाल्या.

इतकी वर्षे मास्तर समजत होते की ही गोष्ट जगात आपल्या एकट्याला सुचली आहे. शेजारच्या खोलीत भिंतीला पाठ लावून दुसरे कोणीतरी तेच, त्याच वेळी, तितकीच वर्षे विचारत होते, आणि मधली भिंत वीतभराची होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मांडीवर," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः पाहिले होते. निरीक्षण म्हणून त्यात चूक नव्हती. वहिनींनी मान हलवली. त्यांना पटले की नाही हे मास्तरांना कळले नाही, आणि कळून घ्यायला वर पाहावे लागले असते. मग त्या उठल्या, दिवेलागणीला अजून वेळ होता तरी देवापाशी गेल्या.

नळ पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या पलीकडून टाकण्यात आला. तिकडे उतार चांगला होता.